लघुतरंग नभोवाणीची वेळापत्रके

सु. ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतांच्या रेडिओ तरंगांना लघुतरंग म्हणतात. या तरंगांवरून होणाऱ्या नभोवाणी प्रक्षेपणांची वेळ, कंप्रता, भाषा, प्रेषकाचे ठिकाण आणि ज्या भूप्रदेशासाठी प्रक्षेपण आहे तो प्रदेश ही माहिती देणाऱ्या कोष्टकांस लघुतरंग वेळापत्रके अशी संज्ञा आहे. स्थानिक केंद्राच्या श्रोत्याला अशा कोष्टकाची गरज पडत नाही. त्याचे केंद्र तबकडीवर वर्षानुवर्षे एकाच जागी लागते. लघुतरंग केंद्राचे तसे नसते. तेच केंद्र सकाळी एका कंप्रतेवर, संध्याकाळी दुसऱ्या आणि हिवाळ्यात तिसऱ्याच कंप्रतेवर असते. दिवसातून एखादाच तास ते विशिष्ट प्रदेशासाठी बोलते आणि त्या तासातही हवी ती भाषा असेलच असे नाही. म्हणून ज्याच्याजवळ वेळापत्रक नाही त्याला हे केंद्र सापडते ते योगायोगाने. ज्याच्याजवळ जुने वेळापत्रक आहे त्याची अवस्था याहून वाईट असते, कारण तो नसलेल्या ठिकाणी चिकाटीने शोधत राहतो.

प्रस्तुत नोंदीत इंग्रजी प्रक्षेपणांची चालू वेळापत्रके कशी मिळवावीत व कशी वापरावीत याचा विचार बीड जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. बीड शहर सु. १९° उत्तर अक्षांश व ७५° ४५′ पूर्व रेखांशावर आहे. समुद्रापासून व मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या या जिल्ह्याला आकाशवाणीची पुणे, परभणी व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथील मध्यम तरंगांची केंद्रे शेजारची. बीड येथील आकाशवाणीचे स्थानिक केंद्र एफ्‌एम्‌ पद्धतीचे असून त्याचा पल्ला मर्यादित आहे. दूरचित्रवाणी घरोघरी येण्यापूर्वी, आकाशवाणीची इंग्रजी बातमीपत्रे सोडल्यास, जगातील घडामोडी त्याच दिवशी इंग्रजीतून ऐकण्याचे साधन येथे लघुतरंगांखेरीज नव्हते. बीड शहराला लोहमार्गही २०२५ सालीच मिळाला. तोवर वृत्तपत्रे काय आणि परदेशी केंद्रांनी टपालाने पाठविलेली वेळापत्रके काय, सर्व सडकेनेच येत असे.

वेळापत्रक का बदलते : मध्यम तरंग दिवसा मुख्यतः जमिनीलगत प्रवास करतात. लघुतरंग पृथ्वीपासून सु. १०० ते ४०० किमी. उंचीवरील आयनीभूत थरांवरून परततात व त्यामुळे हजारो किमी. दूर पोचतात [→ आयनांबर]. एका उडीत तरंगाला सु. ४,००० किमी.पर्यंतचे अंतर कापता येते. लंडन ते बीड हे अंतर सु. ७,४०० किमी. आहे, म्हणजे तेथून थेट येणाऱ्या तरंगाला किमान दोन उड्या घ्याव्या लागतात आणि दोन्ही ठिकाणी आयनांबराची स्थिती अनुकूल असावी लागते. कोलंबो सु. १,४०० किमी.वर असल्याने तेथील तरंग एकाच उडीत पोचतो. मात्र इतक्या कमी अंतरासाठी कंप्रता फार उंच निवडली, तर तरंग श्रोत्याच्या डोक्यावरून पुढे निघून जातो आणि बीडसारखे ठिकाण मूक पट्ट्यात सापडते. केंद्र बलवान आहे व जवळ आहे, तरीही ते ऐकू येत नाही, या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते.

आयनांबराची घडण सूर्यप्रकाशावर अवलंबून आहे. दिवसा उंच कंप्रता चालतात, कारण खालच्या थरात नीच कंप्रता शोषल्या जातात. रात्री उंच कंप्रता थरांतून आरपार निघून जातात व नीच कंप्रता कामी येतात. ऋतूप्रमाणे दिवस लहानमोठा होतो, तसा या बदलाचा क्षणही सरकतो. बीड येथे जूनमध्ये सूर्य सायंकाळी सातनंतर मावळतो, तर डिसेंबरमध्ये सहाच्या आतच. म्हणजे सायंकाळी साडेसहाचे प्रक्षेपण जूनमध्ये उजेडातले असते आणि डिसेंबरमध्ये अंधारातले. एकच कंप्रता दोन्ही वेळी सारखीच उपयोगी पडणे कठीण. याशिवाय सौर डागांचे सु. ११ वर्षांचे आवर्तन असते. डाग पुष्कळ असताना १६ व १३ मीटरचे पट्टे सूर्यास्तानंतरही काही काळ चालू राहतात, डाग कमी असताना ते दुपारीही निर्जीव भासतात. पंचविसावे आवर्तन डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले व २०२४ मध्ये ते उच्चतम अवस्थेत पोचले. त्यामुळे २०१९ च्या हिवाळ्यात टिपलेली यादी २०२४ च्या हिवाळ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, मग केंद्राने काहीही बदल केलेला नसला तरी.

या कारणांमुळे केंद्रे आपल्या कंप्रता ऋतुमानानुसार ठरवितात. पूर्वी वर्षाचे चार हंगाम मानले जात व ते मार्च, मे, सप्टेंबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत सुरू होत. आता दोनच हंगाम आहेत. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी म्हणजे ‘ए’ हंगाम आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी म्हणजे ‘बी’ हंगाम सुरू होतो. त्यास वर्षाचे शेवटचे दोन अंक जोडतात. उदा., ‘बी २३’ हा हंगाम २९ ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ अखेरपर्यंतचा. या तारखा यूरोपातील घड्याळे मागेपुढे करण्याच्या तारखांशी जुळविलेल्या आहेत. भारताचा त्याच्याशी संबंध नाही. बीडच्या श्रोत्याला त्या लक्षात ठेवण्यास एक स्थानिक खूण आहे. जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघतात व गळीत हंगाम संपताना उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नभोवाणीचा हिवाळी हंगाम साधारणतः त्याच मुदतीचा असतो.

वेळापत्रके मिळवण्याची जुनी साधने : बी. बी. सी.ची साम्राज्य सेवा १९ डिसेंबर १९३२ रोजी लघुतरंगांवर सुरू झाली. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ मध्ये रूढ झाले व १९३८ मध्ये मुंबई केंद्राला लघुतरंग प्रेषक मिळाला. त्या काळी बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते, परंतु ते मध्यम तरंगावर चाले व त्याचा मुख्य भर उर्दूवर होता. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आले. बी. बी. सी.ने १९४२ मध्ये मराठी प्रक्षेपणही सुरू केले होते, ते १९५८ मध्ये बंद पडले. त्यानंतर लंडनहून मराठी ऐकू येईनासे झाले आणि मराठी श्रोत्यापुढे हिंदी व इंग्रजी हेच पर्याय उरले.

ट्रांझिस्टर संच येण्यापूर्वी रेडिओ ही श्रीमंताघरची किंवा सार्वजनिक ठिकाणची वस्तू होती. संचासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. हे बंधन १९८० च्या दशकात उठले. संचांच्या तबकडीवर कंप्रतेऐवजी पुष्कळदा मीटरचे पट्टेच छापलेले असत आणि २५ वा ३१ मीटर या आकड्याभोवती बोटभर जागेत दहापंधरा केंद्रे दाटलेली असत. अशा संचावर छापील कंप्रतेचा थेट उपयोग होत नाही. अनुभवी श्रोते ओळखीच्या एका बलवान केंद्राला खूण मानून त्याच्या डावीउजवीकडे मोजत जात. बहुतेकांची अशी खूण कोलंबो ही असे. रेडिओ सिलोनवरील १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’मुळे ते केंद्र घराघरांत माहीत झाले होते; त्याच केंद्राची इंग्रजी आशिया सेवाही होती. हिंदी गाण्यांच्या निमित्ताने तबकडीची ओळख झालेला श्रोता तेथून इंग्रजी प्रक्षेपणांकडे वळला, असा क्रम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेकांच्या बाबतीत दिसतो.

वेळापत्रक मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे केंद्राला पत्र लिहिणे. बी. बी. सी., व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ मॉस्को, डॉइच वेले, रेडिओ नेदरलँड्स, रेडिओ जपान, रेडिओ ऑस्ट्रेलिया इ. केंद्रे आपली छापील पत्रके विनामूल्य पाठवीत. बी. बी. सी.चे ‘लंडन कॉलिंग’ हे नियतकालिक परदेशी श्रोत्यांसाठी निघे. श्रोत्याने प्रक्षेपण कसे ऐकू आले याचा अहवाल पाठविला, तर केंद्र त्यास पुष्टिपत्र पाठवी. अशा अहवालात पाच अंकांचा एक संकेत वापरतात. त्यांत संकेताचे बल, इतर केंद्रांचा अडथळा, गोंगाट, प्रसारणातील चढउतार व एकूण गुणवत्ता यांना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात. सर्वोत्तम प्रक्षेपणास ५५५५५ मिळतात. ही पुष्टिपत्रे जमविण्याचा छंद त्यामुळे वाढला, पण मूळ व्यवहार देवाणघेवाणीचा होता. केंद्राला दूरच्या प्रदेशात आपला आवाज पोचतो की नाही ते कळे आणि श्रोत्याला पुढील हंगामाचे पत्रक मिळे.

छापील ग्रंथांत ‘वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक’ हा प्रमुख होय. डेन्मार्कमधील ओलुफ लुंड योहान्सेन यांनी तो १९४७ मध्ये सुरू केला. अमेरिकेतून निघणारे ‘पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ’ हे वार्षिक १९८० च्या दशकात सुरू झाले व २००९ च्या आवृत्तीनंतर थांबले. या ग्रंथांची किंमत परकी चलनात भरावी लागे, म्हणून ते व्यक्तीपेक्षा ग्रंथालयांतून व मोठ्या शहरांतील हौशी मंडळांतून अधिक आढळत. त्यांची खरी मर्यादा मात्र किंमत ही नव्हती. वार्षिकाचा मजकूर शरद ऋतूत जुळविला जाई व ग्रंथ नववर्षाच्या सुमारास बाहेर पडे. तो हाती येईपर्यंत हिवाळी हंगाम निम्मा सरलेला असे व मार्चअखेर त्यातील कंप्रता बदलू लागत. केंद्रांचे पत्ते, भाषा आणि प्रेषकांची ठिकाणे यांसाठी असा ग्रंथ अनेक वर्षे उपयोगी पडतो. आज संध्याकाळी कोठे काय लागेल, या प्रश्नाचे उत्तर देण्यास तो असमर्थ ठरतो.

ही उणीव भरून काढण्याचे काम नभोवाणीनेच केले. स्वीडनच्या नभोवाणीने १९४८ मध्ये दूरश्रवणाची हौस असणाऱ्यांसाठी खास इंग्रजी कार्यक्रम सुरू केला. रेडिओ नेदरलँड्सचा ‘मीडिया नेटवर्क’ हा कार्यक्रम १९८१ ते २००० या काळात होत असे. महाराष्ट्राचाही या परंपरेत वाटा आहे. ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती संस्थेचे आशियाई कार्यालय १९७० च्या दशकात पुणे येथे होते आणि तेथे एड्रियन पीटरसन यांनी तयार केलेला ‘रेडिओ मॉनिटर्स इंटरनॅशनल’ हा इंग्रजी कार्यक्रम श्रीलंकेच्या केंद्रावरून प्रक्षेपित होत असे. कोणते केंद्र नव्या कंप्रतेवर गेले, कोणते बंद पडले, हे अशा कार्यक्रमांतून आठवड्याच्या आत कळे. एवढा ताजेपणा तेव्हा दुसऱ्या कोणत्याही साधनात नव्हता.

वेळापत्रकाचे महत्त्व : इंग्रजी प्रक्षेपणे ऐकणारे तीन प्रकारचे होते. पहिला वर्ग विद्यार्थ्यांचा. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मुलाला पुस्तकातील इंग्रजी वाचता येई, कानावर पडलेले समजत नसे. बी. बी. सी.चे ‘इंग्लिश बाय रेडिओ’ हे पाठ १९४३ पासून होत. व्हॉइस ऑफ अमेरिकेने ऑक्टोबर १९५९ मध्ये सु. १,५०० शब्दांच्या मर्यादेत, संथ लयीत वाचलेल्या बातम्या देण्यास आरंभ केला. हे कार्यक्रम ठराविक वेळीच लागत. वेळ चुकली की त्या दिवसाचा पाठ गेला. दुसरा वर्ग क्रिकेटप्रेमींचा. ऑस्ट्रेलियात कसोटी सामना असला की पहाटे पाचच्या सुमारास रेडिओ ऑस्ट्रेलियावरून तेथील समालोचन ऐकण्यासाठी जागणारे श्रोते भारतभर होते.

तिसरा वर्ग बातम्यांचा, आणि वेळापत्रकाचे मोल त्याच्याच बाबतीत सर्वाधिक. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी घोषित झाली व वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. आकाशवाणी सरकारी होतीच. मार्च १९७७ पर्यंतच्या त्या काळात देशातील घडामोडी जाणून घेण्यासाठी लोक परदेशी प्रक्षेपणांकडे वळले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या मृत्यूची बातमी बी. बी. सी.ने आकाशवाणीच्या सायंकाळच्या घोषणेपूर्वी काही तास दिली. अशा दिवशी वेळापत्रक शोधत बसण्यास सवड नसते. ज्याच्या वहीत चालू हंगामाच्या चार कंप्रता लिहिलेल्या होत्या, त्यालाच ती बातमी त्या वेळी मिळाली. बाकीच्यांना ती त्याच्याकडून कळली.

प्रक्षेपणांतील घट : शीतयुद्धाच्या समाप्तीनंतर केंद्रांनी लघुतरंग सेवा आवरण्यास सुरुवात केली. स्विस रेडिओ इंटरनॅशनल २००४ मध्ये, रेडिओ नेदरलँड्सचे इंग्रजी प्रक्षेपण व रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलची लघुतरंग सेवा २०१२ मध्ये, व्हॉइस ऑफ रशिया २०१४ मध्ये आणि रेडिओ ऑस्ट्रेलियाची लघुतरंग सेवा ३१ जानेवारी २०१७ रोजी बंद झाली. बी. बी. सी.ची हिंदी लघुतरंग सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. इंग्रजीचे तासही पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले. मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकेचे काम शासकीय आदेशाने एकाएकी थांबविण्यात आले. हंगाम संपण्यास काही दिवस असताना झालेल्या अशा बदलाचा उल्लेख त्या हंगामाच्या कोणत्याही छापील कोष्टकात असणे शक्य नव्हते. चायना रेडिओ इंटरनॅशनल, दक्षिण कोरियाची के. बी. एस., रेडिओ रूमानिया इंटरनॅशनल इ. केंद्रांची इंग्रजी प्रक्षेपणे २०२० नंतरच्या वर्षांतही याद्यांत आढळतात.

या घटीमुळे वेळापत्रकाचा प्रश्न सोपा होण्याऐवजी बिकट झाला आहे. पूर्वी चुकीच्या कंप्रतेवर गेले तरी शेजारी दुसरे इंग्रजी केंद्र सापडे. आता पट्टे विरळ झाले आहेत व चूक झाल्यास केवळ खरखर ऐकू येते. बंद पडलेल्या केंद्रांच्या कंप्रता जुन्या पुस्तकांतून व एकमेकांच्या नकलांतून मात्र फिरतच राहतात. ज्या यादीवर हंगामाचे नाव किंवा ती केल्याची तारीख नाही, ती यादी विश्वसनीय मानू नये, हा पहिला नियम होय.

चालू वेळापत्रक मिळवणे व वाचणे : आज तीन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. केंद्राची स्वतःची घोषणा कार्यक्रम व भाषा यांविषयी सर्वांत अधिकृत असते, परंतु कंप्रता बदलल्यावर ती सुधारण्यास केंद्रे दिरंगाई करतात. दुसरे साधन म्हणजे उच्च कंप्रता समन्वय परिषदेची हंगामी सूची. केंद्रांनी एकमेकांच्या मार्गात येऊ नये म्हणून ही परिषद १९९० च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाच्या नियमांच्या चौकटीत काम करते. तिच्या सूचीत प्रत्येक ओळीत कंप्रता, आरंभ व शेवट, लक्ष्यप्रदेशाचा क्रमांक, प्रेषकाचे ठिकाण, शक्ती किलोवॉटमध्ये, शलाकेचा दिगंश, वार, तारखांची मुदत व भाषा दिलेली असते. दक्षिण आशियाचा विभाग ४१ क्रमांकाचा आहे. बीडच्या श्रोत्याने प्रथम हा आकडा शोधावा. ही सूची मागणीची आहे, प्रत्यक्षाची नव्हे. केंद्रे पुढेमागे लागेल म्हणून कंप्रता नोंदवून ठेवतात व तिच्यावर एक शब्दही बोलत नाहीत. तिसरे साधन हौशी निरीक्षकांनी प्रत्यक्ष ऐकून केलेल्या याद्या. जर्मनीतील ‘आयबी’ व जपानमधील ‘आओकी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या याद्या त्यांत प्रसिद्ध आहेत. त्या वरचेवर सुधारल्या जातात आणि नोंदलेले पण न वापरलेले तरंग त्यांत सहसा नसतात. परिषदेची सूची व निरीक्षकांची यादी या दोहोंत जे प्रक्षेपण आढळते ते बहुधा ऐकू येतेच.

दोन्ही याद्या एकत्र वाचताना एक विलक्षण घोटाळा होतो. परिषदेच्या सूचीत वारांचे क्रमांक रविवारपासून सुरू होतात, म्हणजे १ हा रविवार. ‘आयबी’ यादीत १ हा सोमवार असतो. आठवड्यातून एकदाच होणारा कार्यक्रम असेल, तर या एका अंकामुळे श्रोता नेमका दुसऱ्या दिवशी वाट पाहत बसतो.

याहून मोठा घोटाळा वेळेचा. सर्व याद्या जागतिक समन्वित वेळेत असतात. जुन्या पत्रकांत तिलाच ग्रिनिच वेळ म्हटलेले असे. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. बेरीज करणे सोपे आहे, पण १८·३० नंतरच्या प्रत्येक वेळेबरोबर वारही बदलतो. यादीतील शनिवार २०·०० म्हणजे बीड येथे रविवारी पहाटे १·३०. एक प्रत्यक्ष उदाहरण घ्यावयाचे, तर मार्च २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर बी. बी. सी.ने त्या देशासाठी इंग्रजी बातम्यांची रोज चार तासांची लघुतरंग सेवा सुरू केली. युक्रेनच्या वेळेनुसार सायंकाळी ४ ते ६ या वेळेत १५,७३५ किलोहर्ट्‌झवर व रात्री १० ते १२ या वेळेत ५,८७५ किलोहर्ट्‌झवर ती होत असे. युक्रेनची हिवाळी वेळ जागतिक वेळेच्या दोन तास पुढे. म्हणून पहिले प्रक्षेपण जागतिक वेळेने १४·०० ते १६·०० व भारतीय वेळेने सायंकाळी ७·३० ते ९·३० असे आले. दुसरे मध्यरात्रीनंतर १·३० ते ३·३०, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी. दिवसाउजेडीचे प्रक्षेपण १९ मीटरच्या उंच पट्ट्यात व रात्रीचे ४९ मीटरलगतच्या नीच कंप्रतेवर, ही निवडही वर सांगितलेल्या नियमाला धरूनच होती.

कंप्रतेवरून पट्टा काढण्यासाठी ३,००,००० ला किलोहर्ट्‌झच्या आकड्याने भागावे. ९,५७० चा भागाकार ३१ च्या जवळ येतो, म्हणून ते केंद्र ३१ मीटरच्या पट्ट्यात. नभोवाणीच्या कंप्रतांमध्ये ५ किलोहर्ट्‌झचे अंतर राखण्याचा प्रघात असल्याने त्यांचा शेवटचा अंक ० किंवा ५ असतो; दुसरा अंक दिसल्यास मुद्रणदोषाची शंका घ्यावी. केंद्र ज्या देशाचे, प्रेषक त्याच देशात असेल असेही नाही. बी. बी. सी.ने २००२ पासून ओमानमधील अस्‌ सीला येथून दक्षिण आशियासाठी प्रक्षेपणे केली. ते ठिकाण बीडपासून सु. १,७०० किमी.वर आहे. डॉइच वेलेचे पुनःप्रक्षेपण केंद्र श्रीलंकेत त्रिंकोमाली येथे होते. ऐकू येण्याचा अंदाज बांधावयाचा तो लंडन किंवा कोलोन येथून नव्हे, तर प्रेषकापासून, आणि त्याच्या शलाकेचा दिगंश भारताच्या दिशेचा आहे की नाही हे पाहून.

बीड येथील श्रवण : साधारणतः सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत १३, १६ व १९ मीटर, सायंकाळी १९, २५ व ३१ मीटर, आणि रात्री व पहाटे ३१, ४१ व ४९ मीटर हे पट्टे उपयोगी पडतात. हिवाळ्यात सायंकाळीच ४१ व ४९ मीटरकडे वळावे लागते. पावसाळ्याच्या आरंभी विजांच्या कडकडाटामुळे नीच कंप्रतांवर गोंगाट फार असतो. शहरी भागात एल्‌ईडी दिवे, मोबाइलचे भारक व विद्युत्‌ चलित्रे यांचा गोंगाट नैसर्गिक गोंगाटाहून त्रासदायक झाला आहे. वीज गेली की बॅटरीवरील संच एकदम स्वच्छ बोलू लागतो, हा अनुभव भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातील श्रोत्यांना वारंवार आला असणार. दहापंधरा मीटर लांबीची तांब्याची तार गच्चीवरून झाडापर्यंत, विजेच्या तारांपासून दूर, ताणली तरी संचाला पुरेसे आकाशक मिळते. मात्र वादळात ती संचापासून सोडवून ठेवावी.

केंद्र लागले तरी ते हवे तेच आहे याची खातरजमा ओळखसंकेतावरून करतात. पुष्कळ केंद्रे तासाच्या काही मिनिटे आधी आपली धून वाजवीत. व्हॉइस ऑफ अमेरिकेची ‘यँकी डूडल’, रेडिओ ऑस्ट्रेलियाची ‘वॉल्टझिंग माटिल्डा’ व आकाशवाणीची वॉल्टर कौफमन यांची धून प्रसिद्ध होती. म्हणून नव्या यादीची परीक्षा घेताना प्रक्षेपणाच्या दिलेल्या वेळेपूर्वी पाच मिनिटे संच लावून ठेवणे इष्ट.

वेळापत्रके आता संगणकीय जाळ्यावरून मिळतात, ही सोय मोठी आहे. तथापि ज्या प्रसंगी लघुतरंगांची गरज पडते त्याच प्रसंगी ती सोय नाहीशी होऊ शकते. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी चाललेल्या आंदोलनाला ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड जिल्ह्यात हिंसक वळण लागले, संचारबंदी लागू करण्यात आली आणि इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली. ‘बी २३’ हा हंगाम त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, सुरू झाला होता. त्या आठवड्यात ज्याच्याजवळ उन्हाळी यादीच होती त्याला नवी यादी उतरवून घेण्यास मार्ग नव्हता, आणि उन्हाळी यादीतील सायंकाळच्या कंप्रतांचा भरवसा उरला नव्हता. याकरिता हंगाम बदलण्यापूर्वी आठवडाभर नवी सूची उतरवून, विभाग ४१ व इंग्रजी भाषा एवढ्याच ओळी निवडून, वेळा भारतीय प्रमाणवेळेत मांडून कागदावर लिहून ठेवणे श्रेयस्कर. अशा यादीत सहसा एका पानाहून अधिक मजकूर होत नाही. प्रत्येक ओळीपुढे एक रकाना मोकळा सोडतात व प्रत्यक्ष ऐकल्याची तारीख आणि पाच अंकी गुण त्यात भरतात. पहिल्या पंधरवड्यात ज्या ओळींपुढे काहीच भरले गेले नाही त्या खोडून टाकतात.